चेहऱ्यावर काढलेला मोर्चा

हे लिहिते आहे ते ज्यांचं तोंड अचानक वाकडं झालं त्यांच्यासाठी. बाकीच्यांनी वाचलं तर हरकत नाही, फक्त सल्ले देऊ नयेत. सल्ले मला पुरून उरलेत. मी डॉक्टर नाही. औषधाचं काय ते डॉक्टरला विचारा आणि त्याच दिवशी विचारा, 'दोन दिवस पाहू' करू नका. एवढं एक वाक्य वाचून कागद खाली ठेवलात तरी माझं काम झालं.

ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचावं. आधीच सांगते, माझा चेहरा पूर्वीसारखा झालेला नाही. 'मी आजारावर कशी मात केली' असलं काही शोधत असाल तर इथे मिळणार नाही.

चूळ

मी पत्रकं लिहिते. आमचा पाच-सहा पोरापोरींचा गट आहे. रेशन, रोजगार हमी, शाळेत नसलेले शिक्षक, असा कुठलाही प्रश्न असला की आम्ही एका पानाचं पत्रक काढतो, बाजाराच्या दिवशी दारव्ह्यात आणि दिग्रसला वाटतो आणि चार माणसं थांबली की बोलायला लागतो. बोलायचं काम माझ्याकडे. हिला माईक लागत नाही असं लोक म्हणतात, आणि ते मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी मी ठरवलं होतं की आता स्वतःच्या गावात बोलायचं.

आमच्या वस्तीत एक समाजमंदिर आहे. त्याला कुलूप आहे, आणि आत माजी सरपंचांची सोयाबीनची पोती आहेत. वस्तीतल्या दहा-पंधरा पोरी शिकतात, त्यांना अभ्यासाला जागा नाही. एका खोलीत टीव्ही, चूल, खोकणारा म्हातारा आणि दहावीचं पुस्तक सगळे एकत्र नांदतात. मी त्याच खोलीत वाढले. कायद्याच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास मी दोनदा सुरू केला आणि दोनदा सोडला, तोही तिथेच. मागणी साधी होती: पोती काढा, अभ्यासिका करा. पार फुलसावंगीला जाऊन मी परक्यांसाठी घसा फोडून आले होते, पण माझ्या गावच्या ग्रामसभेत एकदाही उभी राहिले नव्हते. प्रजासत्ताकदिनाच्या ग्रामसभेत उभं राहायचं, असं मी मनाशी ठरवलं. गटातल्या सगळ्यांना सांगूनही टाकलं.

त्याच्या आठवडाभर आधी, सकाळी दात घासून चूळ भरली आणि पाणी डावीकडून आपोआप गळ्यावर ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा ओघळलं. माय चुलीपाशी होती.

"काय व सुजा, सकाळी सकाळी नकला करून राह्यली?"

"नाही व माय," मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले. 'माय'मधला 'म' ओठांच्या फटीतून फुसकन निघून गेला.

मायचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. ती उठली, माझी हनुवटी धरून तिने मला उजेडाकडे वळवलं आणि दादाला हाक मारली.

कपाळ

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. त्या दिवशी तो घरी होता हे नशीब. त्याने दारव्ह्यापर्यंत गाडीवर नेलं, पुढे एसटीने यवतमाळ. मी स्कार्फ बांधला होता. आमच्याकडे गाडीवर बसणारी प्रत्येक मुलगी डोळे सोडून सगळं झाकते, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. तेव्हा मला ती सोय वाटली. पुढे तिची सवय झाली.

डॉक्टरांनी भुवया वर करायला सांगितल्या, गाल फुगवायला सांगितले, दात दाखवायला सांगितले. मी सगळं अर्धं अर्धं केलं. डावं कपाळसुद्धा हललं नाही हे पाहून डॉक्टर खूश झाले. मला राग आला. मग त्यांनी सांगितलं की कपाळ हललं नाही हे चांगलं लक्षण आहे, मेंदूचा लकवा असता तर बहुतेक ते हललं असतं. हा चेहऱ्याच्या नसेचा आजार, बहुतेकांचं बरं होतं, वेळ लागतो. हे सगळं त्यांनी दादाकडे बघून सांगितलं. तोंड माझं वाकडं झालं होतं, कान दोन्ही शाबूत होते. एरवी मी हे तिथल्या तिथे ऐकवलं असतं. त्या दिवशी 'ऐका' म्हणायचीसुद्धा हिंमत झाली नाही, कारण बोलले की थुंकी उडत होती.

गोळ्या मिळाल्या, डोळ्यात टाकायचे थेंब मिळाले, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायची, आणि फिजिओथेरपीसाठी मागच्या बाजूची खोली.

बाहेर बाकावर दादा म्हणाला, "तोंड वाकडं झालं ना? जबान तं सरळच आहे तुही. गावाले त्रास तं तिचाच होता."

मी हसले. म्हणजे उजवीकडून हसले. दादाने नजर फिरवली, क्षणभरच. तो वाईट नाही, त्याला बघवलं नाही, इतकंच. पण ती फिरवलेली नजर मी नंतर महिनाभर चघळत बसले.

कबुतर

तिसऱ्या दिवसापर्यंत वस्तीला कळलं. शेजारची काकू आली आणि म्हणाली, कबुतर कापून त्याचं गरम रक्त गालाला चोळलं की लकवा उतरतो, तिच्या चुलतदिराचा असाच उतरला. मी उठून आत गेले. अशा उपायांवर मी स्वतः पत्रक लिहिलेलं आहे, त्यात कबुतराचं वाक्यसुद्धा आहे.

दोन दिवसांनी घराच्या मागे टोपलीखाली काहीतरी फडफडलं. टोपली उचलली तर कबुतर. मी मायवर ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. निम्मे शब्द तिला कळले नसतील इतकं माझं बोलणं बिघडलं होतं, पण राग पूर्ण पोचला. तिने ते कबुतर सोडून दिलं आणि पदराला हात पुसत म्हणाली,

"आपून बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जीवावर दया करा म्हून. मले काय मालूम नाही? पन तुह्यासाठी एक मोडली असती मी."

कबुतराचं रक्त लावू नका, हे मी आजही छाती ठोकून सांगेन. पण टोपलीखाली कबुतर ठेवणारी बाई अडाणी असते असं मी आता पत्रकात लिहू शकत नाही.

त्या दिवसांत सगळ्यात अवघड काय होतं सांगू? दुखत नव्हतं फारसं. कानामागे ठणकायचं, तेही थांबलं. अवघड होतं ते घराबाहेर पाऊल टाकणं. आमच्या वस्तीत दर दहा पावलांवर कोणीतरी 'जय भीम' घालतं आणि आपणही घालायचा असतो. त्यात एक 'भ' आणि एक 'म'. दोन्हींना ओठ मिटावे लागतात. मी नुसता हात वर करायला लागले. मग बाहेर जाणंच बंद केलं.

प्रजासत्ताकदिनाची ग्रामसभा मी घरातून ऐकली, भोंग्यावरून. पाण्याची टाकी झाली, रस्त्याचं झालं, आभार झाले. समाजमंदिराचं नावही निघालं नाही. मी रागाने पाय आपटले, आजाराला शिव्या घातल्या, मायला सांगितलं की बघ, माझ्याशिवाय कोणी बोलत नाही.

आता खरं सांगते. भोंगा बंद झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. शाळेला अचानक सुट्टी लागावी तसं. ते मी इतक्या पटकन रागाखाली दडपलं की त्याचा पत्ता मला पुढे सहा महिने लागला नाही.

मागण्या

फिजिओथेरपीला मी तीनदा गेले. तिथल्या मॅडम माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आरशासमोर बसवून त्यांनी व्यायाम दिले. हळूच ओठांचा चंबू, पाच वेळा. हळूच नाक आकसा, पाच वेळा. मग विश्रांती.

पाच वेळा! मी मनात म्हटलं, पाच वेळा मागून या देशात कोणाला काय मिळालंय? मी जाणं सोडलं आणि स्वतःचा कार्यक्रम आखला. गोळ्या आणि थेंब नेमाने घेतले, पण व्यायामाचा कागद स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला, वर 'मागण्या' असं ठळक. ओठ मिटलेच पाहिजेत. डोळा बंद झालाच पाहिजे. गाल उचललाच पाहिजे. प्रत्येकी शंभर वेळा, दिवसातून तीनदा. मधल्या वेळात च्युइंगम. आणि शेवटी टिनाच्या भिंतीकडे तोंड करून घोषणा, पूर्ण ताकदीने.

"भितीले काहून शिव्या देऊन राह्यली?" दादाने एकदा विचारलं.

"तुला नाही कळणार."

"मले नाही, पन भितीले तरी कळते का?"

फरक पडत होता. होळीच्या सुमारास पापणी मिटायला लागली. उन्हाळा लागला तसे ओठ हलायला लागले. मी ते सगळं श्रेय आंदोलनाला दिलं. ते कदाचित आपोआपही झालं असतं, हा विचार मला अपमानास्पद वाटला असता.

एक मेची ग्रामसभा आली. मी गेले, पण स्कार्फ बांधून. आणि बोलायचं काम नीलेशला दिलं. नीलेश आमच्या गटातला, दारव्ह्याचा, चांगला बोलतो. मी निवेदन लिहून दिलं होतं, त्याने फक्त वाचायचं होतं. तो उभा राहिला, दोन ओळी झाल्या असतील, आणि माजी सरपंच शांतपणे म्हणाले,

"भाऊ, तुमचं नाव या गावच्या मतदारयादीत आहे का?"

नव्हतं. ग्रामसभेत बोलायचा हक्क गावच्या मतदाराला. हे मला माहीत होतं! ग्रामसभेच्या हक्कांवर मी पत्रक लिहिलंय आणि हे वाक्य त्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे. तरी मी दारव्ह्याचा माणूस आणून उभा केला, कारण मला स्वतः उभं राहायचं नव्हतं.

"बसा मग," सरपंचकी अजून त्यांचीच असल्यासारखे ते म्हणाले. "गावातल्या कोनाले काही म्हनायचं आहे का?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. स्कार्फ असला तरी मी कोण ते सगळ्यांना ठाऊक. मी सतरंजीकडे बघत राहिले. सतरंजीवर लाल-निळे पट्टे होते, लाल अकरा, मी मोजले.

"नाही? पुढचा विषय."

परत जाताना नीलेश एकच वाक्य बोलला. "तू नुसती उभी राहिली असती तरी चाललं असतं." मी त्याच्याशी पंधरा दिवस बोलले नाही.

डोळा मारणारी पोरगी

जूनमध्ये एकदा मी चहा पीत होते. माय बघत होती.

"घोट घेते तवा डोया काहून मारते व?"

मी आरसा आणला. कपाला ओठ लावले की डावा डोळा आपोआप मिटत होता. 'प' म्हटलं की मिटत होता. हसलं की मिटत होता. मी आरशात 'पाणी, पुस्तक, पोती' म्हणत बसले आणि आरशातली बाई मला डोळा मारत बसली.

दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपच्या ड्रायव्हरला म्हणाले, "पुढे थांबवा." डोळा मिटला. त्याने आरशातून पाहिलं आणि मिशीत हसला. मी उतरताना त्याला जे बोलले ते योग्यच होतं असं मी आजही मानते, पण चूक त्याची नव्हती हे मला उतरल्या उतरल्याच कळलं. म्हणजे आता माझं तोंड मी सांगेन ते सोडून भलतंच काहीतरी बोलायला लागलं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. डावा डोळा रडतानाही उजव्याच्या तालात नव्हता.

मग गेले परत यवतमाळला.

मूठ

मॅडमनी ओळखलं. "तीनदा येऊन गायब झालेल्या तुम्हीच ना? बसा."

त्यांनी माझ्याकडून दोन-तीन शब्द बोलवून घेतले. मग विचारलं, "घरी किती वेळा करत होत्या?"

"शंभर."

"दिवसाला?"

"एका वेळेला. दिवसातून तीनदा."

"कोणी सांगितलं?"

"मीच."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे तुम्ही चेहऱ्यावर मोर्चा काढला."

मला हसू आलं, डोळा मिटला, त्या दोघींनाही दिसलं. दोघी म्हणजे मॅडम आणि शेजारच्या टेबलावरची एक म्हातारी. दिग्रसकडच्या तांड्यावरची बंजारा बाई, लकव्याने उजवा हात गेलेला. तिची सून तिला 'याडी' म्हणायची, म्हणजे आई, म्हणून खोलीतले सगळेच तिला याडी म्हणायचे. टेबलावर मोठे मणी होते, ती ते एकेक उचलून वाटीत टाकायची. दहातले सात पडायचे. पडलेल्या मण्याकडे ती ओळखीच्या पोराकडे बघावं तशी बघायची.

मॅडमनी मला समजावलं ते माझ्या भाषेत असं: नस परत वाढत असताना सगळा चेहरा एकदम ओढला की शेजारशेजारच्या स्नायूंना एकमेकांची भलतीच सवय लागते. ओठाला दिलेला हुकूम डोळाही पाळतो. कधीकधी हे आपोआपही होतं. माझ्या बाबतीत जोरामुळे किती आणि मुळातच किती, हे कोणी सांगू शकत नाही. पण आता जोर बंद.

"आरशात बघा. 'प' म्हणायचं नाही. फक्त ओठ एकमेकांना लागू द्या."

मी लावले. डोळा मिटला.

"तुम्ही लावले. लावायचे नाहीत. लागू द्यायचे."

पुन्हा. पुन्हा डोळा. सहाव्यांदा मला संताप आला. हा काय प्रकार आहे? पत्रकात मी आयुष्यभर एकच शेवट लिहीत आले, 'झालेच पाहिजे'. 'होऊ द्या' असं कधी कुठल्या पत्रकात लिहितात का?

शेजारून याडी म्हणाली, "छोरी, तू घरून भांडूनच आली का व?"

"नाही."

"मंग मूठ कोनासाठी आवळली?"

मी खाली पाहिलं. दोन्ही मुठी मांडीवर आवळलेल्या. चपलेत पायाची बोटंसुद्धा मुडपलेली. मान दगडासारखी. ओठ मिटायचा एवढा छोटा प्रकार आणि अख्खं शरीर लाठीमाराची वाट पाहत असल्यासारखं बसलं होतं.

"आधी ते सोडा," मॅडम म्हणाल्या. "चेहऱ्याचं नंतर बघू."

त्या दिवशी आम्ही ओठांचं काहीच केलं नाही. मी वीस मिनिटं खुर्चीत बसून बोटं सोडत होते. एक सोडलं की दुसरं आवळायचं. याडीचे मणी टपटप पडत होते. एकदा एक घरंगळत माझ्या पायाशी आला, मी उचलून द्यायला वाकले तर ती ओरडली, "राहू दे! मी उचलते. माह्यं काम आहे ते." आणि तिने तो उचलला, टेबलाला वळसा घालून, सावकाश. त्या वेळात माझी एक बसही गेली असेल.

सोडायचं म्हणजे काय

इथे मला सावध राहायचं आहे. 'सोडून द्या', 'जे होतं ते चांगल्यासाठी', 'विरोध करू नका' हे आमच्यासारख्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत, आणि कोणी सांगितलं आणि कशासाठी ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. मी शरणागतीचं पत्रक लिहीत नाहीये. समाजमंदिरात पोती ठेवणं चूक आहे. त्याला विरोध केलाच पाहिजे, आणि मोठ्याने.

पण पावसाळ्याचे ते दोन महिने, आठवड्यातून दोनदा यवतमाळ, घरी दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं आरशासमोर नुसतं बसणं, याने मला एक गोष्ट दाखवली. माझा बराचसा विरोध पोत्यांना नव्हताच. तो मलाच होता. मला जे हवं होतं त्याच्या आणि माझ्या मध्ये मीच हात पसरून उभी होते, आणि अंगात एवढा जोर भरलेला की वाटायचं, समोर शत्रू असणारच.

परक्या गावात बोलणं सोपं असतं. तिथे हरले तर बस पकडून घरी येते. स्वतःच्या गावात हरले तर बस कुठली पकडू? रोज तेच चेहरे. त्यांना माझा दोनदा सोडलेला अभ्यास माहीत, मायची मजुरी माहीत, मी सातवीत नाटकात वाक्य विसरले तेही माहीत. मी त्यांना भीत होते. पत्रकं लिहायला लागल्यापासून, चार वर्षं. आणि ही भीती कोणाला, मलासुद्धा, दिसू नये म्हणून मी जिल्हाभर ओरडत फिरत होते. तोंड वाकडं झालं तेव्हा मला कारण मिळालं. म्हणून भोंगा बंद झाल्यावर सुटल्यासारखं वाटलं.

हे कळल्यावर भीती गेली नाही. फक्त तिच्यावर जोर लावणं थांबवलं. ती असते. असू दे. मुठी मात्र मी तपासत राहते. दिवसातून कितीतरी वेळा आवळलेल्या सापडतात. मग एकेक बोट.

भिंतीवरचा 'मागण्या'चा कागद मायने चुलीत घातला. मला न विचारता. मी ओरडले नाही.

पंधरा ऑगस्ट

झेंडावंदन झालं आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. निघताना मायने विचारलं, "फडकं नाही बांधत?" मी नाही म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग तिने स्वतःचा डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला आणि चपला घातल्या. ती याआधी कधी ग्रामसभेला आलेली नव्हती. दादा मागे पुरुषांत जाऊन बसला.

पाणी झालं. रस्ता झाला. ग्रामसेवकाने विचारलं, "आणखी कोणाचं काही?"

मी उभी राहिले. माझा आवाज आता मोठा निघत नाही. जोर दिला की डोळा बंद होतो आणि शब्द चेपतात, म्हणून मी हळू बोलते, आणि ओठ मिटायचं अक्षर आलं की डाव्या गालाला एक बोट टेकवते. तसंच बोलले. समाजमंदिर, पोती, पोरी, अभ्यासिका. चार वाक्यं.

"डोया मारून राह्यली पाह," मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला. दादाचा आवाज आला, "कोन आहे बे तो?" मी हाताने त्याला बस म्हटलं.

माजी सरपंच कानाला हात लावून म्हणाले, "काय म्हनते पोरगी? आइकू नाही येऊन राह्यलं."

मला माहीत आहे, त्यांना ऐकू आलं होतं. पूर्वीची मी इथे फुटले असते. मी तीच चार वाक्यं पुन्हा म्हटली, तशीच, तितक्याच आवाजात.

"अजून नाही आलं."

तिसऱ्यांदा म्हटली. आता व्हरांडा शांत झाला होता. हळू आवाजाचं हे एक आहे, ऐकायचं असेल तर लोकांना गप्प बसावं लागतं. मागच्या बायका पुढे सरकून बसल्या.

"अन् पोते कुठी ठेवू मी? तुह्या घरी?"

"तुमच्या घरी, काका."

यावर जो हशा झाला तो वेगळा होता. काकाही हसले, नाइलाजाने. ग्रामसेवकाने हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले नाहीत. माझ्या बाजूचे मोजायची मला हिंमत नव्हती. मी फक्त मायचा पाहिला. कोपर सरळ, वर्गातल्या पोरीसारखा. ठराव झाला.

हे लिहिताना निम्मी पोती अजून आत आहेत. भांडण चालू आहे. पोरी उरलेल्या निम्म्या जागेत बसतात, आणि कायद्याच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन मीही बसते. होईल की नाही माहीत नाही. बसते.

त्या दिवशी ग्रामसेवकाने ठराव लिहून वही माझ्याकडे फिरवली. "मांडणारी तूच आहे ना? वाचून दाखव सगळ्यांना. बरोबर लिहिलं का ते पाह."

मी वही घेतली. एका हातात वही, दुसऱ्या हाताने पान धरलेलं, गालाला टेकवायला बोट उरलं नाही. वाचायला लागले. तिसऱ्या शब्दाला 'पोती' आलं आणि ओठ लागले नाहीत. हवा निघून गेली. कोणीतरी खोकलं. मी जोर लावला नाही. पानाकडे बघत उभी राहिले, सगळं गाव बघत असताना, हात सैल. माय जवळच बसली होती.

मग ओठ लागले आणि मी पुढे वाचलं.